घर चालवायचा परवाना

सासरवाडी घरापासून किती लांब असावी, याचं काहीतरी गणित जुन्या लोकांनी बसवलेलं असणार. माझी चाळीस पावलांवर आहे. कोल्हापुरात आमच्या गल्लीच्या टोकाला माझं घर, समोर सासऱ्यांचं, मधे मोकळी जागा, जागेत चिंच, आणि गेल्या दोन वर्षांपासून चिंचेखाली एक पिवळी बस. पत्ता सांगायला सोपं झालंय. पूर्वी ‘चिंचेपाशी या’ म्हणायचो, आता ‘शाळेच्या बसपाशी या’ म्हणतो. दोन-तीन पालक पहिलीच्या प्रवेशाची चौकशी करून गेले.

बस मेहुण्याची. त्याचं शेतीपंपांचं दुकान आहे. माणूस कामसू, पण अधूनमधून त्याला काहीतरी सुचतं. सगळ्या महाराष्ट्राला एमू पाळायचं सुचलं होतं तेव्हा त्यालाही सुचलं. पक्षी गेले, खुराडं राहिलं. त्यात आता मामींच्या, म्हणजे सासूबाईंच्या, शेणी असतात. या खेपेला त्याला मोबाईलवर एक अमेरिकन जोडपं दिसलं. त्या दोघांनी शाळेची जुनी बस घेऊन तिचं घर केलं होतं. बाई खिडकीत रोपाला पाणी घालत होती, बुवा गिटार वाजवत होता, बाहेर वाळवंट. तिकडे अशा बसला ‘स्कूली’ म्हणतात, हे आम्हाला जेवताना कळलं.

“दाजी, भिंतींचा कंटाळा आलाय,” मेहुणा म्हणाला. “घर बरोबर घ्यायचं आणि निघायचं. आज आंबोली, उद्या गोवा, परवा हंपी.”

“मग जावा की,” मामी भाकरी थापत म्हणाल्या. “सगळ्यास्नी घेऊन जावा. मला चार दिस घर मोकळं मिळंल.” आणि पुढची भाकरी तव्यावर पडली.

मामा, म्हणजे माझे सासरे, एसटीत ड्रायव्हर होते. चौतीस वर्षं. त्यांचा जन्म १९४८ चा, आणि एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. त्यामुळे आपण आणि एसटी एकाच इयत्तेतले असं ते सांगतात. निवृत्तीच्या दिवशी घरी आले, खाकी शर्ट दोरीवर टाकला आणि त्यानंतर त्यांनी सायकलचं हँडलसुद्धा धरलं नाही. मुलाचा बेत ऐकून त्यांनी ताटात हात धुतला आणि बोलायला लागले. मामा महिन्यातून एकदा बोलतात, पण मग बोलतात.

त्यांचं म्हणणं असं की गाडीत राहणं ही काय नवलाई? तमाशाचे फड हंगामभर ट्रकांतून हिंडतात. जत्रेतल्या टूरिंग टॉकीजचं मशीन ट्रकच्या पोटातच बसवलेलं असतं. नाटकवाले तर रात्री एका गावात राजे असतात, पहाटे बसमध्ये तोंड उघडं टाकून झोपलेले असतात, मागे त्यांचा राजवाडा फळ्या-फळ्यांनी रचून ठेवलेला असतो. “आणि ते रामाराव,” मामा म्हणाले. एन. टी. रामाराव यांनी १९८२ मध्ये पक्ष काढला, जुनी शेव्हरोले व्हॅन घेतली, तिला ‘चैतन्य रथम’ नाव दिलं, मुलगा हरिकृष्ण चालवायला बसवला आणि आंध्र पालथा घातला. जेवण गाडीत, झोप गाडीत, अंघोळ रस्त्याच्या कडेला. जानेवारी १९८३ ला मुख्यमंत्री. “गाडीत राहून त्यानं राज्य घेतलं. तू काय घेणार?”

“स्वातंत्र्य,” मेहुणा म्हणाला.

“ताक घे,” मामी म्हणाल्या.

मला मामांचं पटलं होतं. आपल्याकडे चाकांवर राहणं ही हौस कधी नव्हतीच. ते पोट होतं. ज्याला घर नाही किंवा घरी राहून भागत नाही, तो गाडीत राहायचा. १९५१ पासून जर्मनीत वेस्टफालिया कंपनी फोक्सवॅगनच्या डब्यात पलंग आणि चूल बसवून द्यायला लागली. तेव्हापासून घर असलेली माणसं गाडीत राहण्यासाठी पैसे मोजू लागली. ही लाट इचलकरंजी फाट्यापर्यंत यायला सत्तर वर्षं लागली, एवढंच.

बस एका शाळेनं काढून टाकलेली होती. चाळीस आसनांची. ट्रक का नाही, तर ट्रकला खिडक्या नसतात. एसटीची जुनी गाडी का नाही, तर मामांनी तो विषय हातानंच बंद केला. शाळेची बस सांभाळून चालवलेली असते, वेगाला लगाम घालणारं यंत्र बसवलेलं असतं, असा मेहुण्याचा हिशेब. तो बरोबर होता. पण शाळेची बस घेण्यात एक गोम असते, ती विकणारा सांगत नाही. बस मिळते, तिच्यात शाळाही शिल्लक असते.

आसनं काढायला सुरुवात केली तेव्हा ती शाळा निघाली. अकरा बाटल्यांची झाकणं. तीन कर्कटक. एक डावा बूट. च्युइंगगम तर इतकं, की काही आसनं नटबोल्टनं नव्हे, त्याच्यावरच उभी असावीत. पाठींवर कर्कटकानं कोरलेली नावं, नावांच्या मधे बदाम, आणि एका पाठीवर कुणाच्या तरी वडिलांची सही सात वेळा. पहिली कच्ची, सातवी अगदी रुबाबदार. शेवटच्या बाकाखालचा पत्रा उचलला तर आत एक प्रगतिपुस्तक घडी घालून सारलेलं होतं. गणित अकरा. मी आयुष्य बँकेच्या कर्जखात्यात काढलंय, दडवलेले कागद बरेच पाहिलेत. पण इतक्या सुरक्षित जागी दडवलेला पहिलाच. आम्ही ते होतं तिथे परत ठेवलं. त्याच्यावर आता पलंग आहे.

निघालेली आसनं विकायची होती. दोन टपरीवाल्यानं घेतली, चार सलूनवाल्यानं, आणि बाकीची ‘असू देत’ म्हणून गल्लीत वाटली गेली. तिसरी-चौथीच्या पोरांच्या मापाची आसनं ती. संध्याकाळी आमच्या गल्लीत आता सगळी कर्ती माणसं गुडघे हनुवटीला लावून बसलेली दिसतात.

काम उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये सुरू झालं. मिस्त्री कसबी. साध्या माणसाच्या दिवाणखान्यापासून पुढाऱ्याच्या बंगल्यापर्यंत सगळं केलेला. पहिल्या दिवशी तो गुण्या घेऊन बसमध्ये शिरला आणि अर्ध्या तासानं बाहेर येऊन पायरीवर बसला.

“काय झालं?”

“गुण्यात काहीच न्हाई,” तो म्हणाला. “एक कोपरा काटकोनात न्हाई सायेब. वरनं गोल, बाजूनं फुगीर, खाली चाकावर उंचवटा. ही गाडी हाय का हांडा?”

मग त्यानं पाणसळ लावली. पाणसळीतला बुडबुडा एका बाजूला जाऊन बसला. ओळंबा सोडला, तो भलतीकडेच. शेवटी कळलं की शेडची जमीनच उताराची होती. घर बांधणाऱ्याला एक आधार असतो, जमीन. बसमध्ये तो आधार रोज बदलणार. मिस्त्रीनं दोन दिवस सुट्टी घेतली. परत आला तेव्हा गुण्या आणला नव्हता. प्रत्येक फळीचा आधी पुठ्ठा कापायचा, तो भिंतीला टेकवून पेन्सिलीनं आखायचा, मग प्लायवूडवर करवत. शिंपी कापड बेततो तसं. आणि खरं सांगतो, त्यातलं एक कपाट पाहायला अजून लोक येतात.

इथपर्यंत सगळं मेहुण्याच्या बेतानुसार होतं. त्याच्या वहीत लिहिलं होतं: एक पलंग, एक टेबल, एक चूल, चार भांडी. मग घरातल्या माणसांनी वही पाहिली.

वहिनींचं, म्हणजे मेहुण्याच्या बायकोचं, म्हणणं, ओटा ग्रॅनाइटचाच हवा, फॉर्मायकावर पीठ मळता येत नाही. सात बाय दोनचा ओटा. पाऊण इंच जाडीचं ग्रॅनाइट चौरस फुटाला पाचेक किलो भरतं. म्हणजे सत्तर किलोचा एक कायमचा प्रवासी. माझ्या बायकोचं म्हणणं, पाणी कमी पडता कामा नये. पाणी लिटरला किलो या हिशेबानं तोलावं लागतं, हे घरच्या नळाखाली कुणाला आठवत नाही. तीनशे लिटरची टाकी म्हणजे तीनशे किलो. इन्व्हर्टरच्या दोन बॅटऱ्या शंभराच्या वर. लोखंडी तवा, खलबत्ता, मामांची पाठ टेकायची खुर्ची, भाचीची, म्हणजे मेहुण्याच्या मुलीची, अभ्यासाची पुस्तकं, दिवाळीचे मोठे डबे. दिवाळीचे डबे का, हे विचारायची हिंमत झाली नाही.

“वजनाचं काय?” मी मिस्त्रीला विचारलं.

“चाळीस पोरं उतरलीत न्हवं? आनी त्यांची दप्तरं?” तो म्हणाला. “आजकालचं दप्तर बघितलाय का तुमी? तुमचं ग्रॅनाइट काय घेऊन बसलाय!”

वजनाचं त्याचं गणित चुकलं नव्हतं. चुकली होती बाजू. ओटा डावीकडे, टाकी ओट्याखाली म्हणून डावीकडे, बॅटऱ्या टाकीशेजारी, कपाट दाराच्या मागे, तेही डावीकडे. उजवीकडे पलंग आणि त्याच्यावर कापसाची गादी. महिन्याभरानं बस शेडबाहेर काढली तेव्हा ती स्वच्छ डावीकडे झुकलेली होती. मामा तरुणपणापासून शेकापचे. त्यांनी बसकडे इतक्या आपुलकीनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

विजेचं प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण ते थोडक्यातच संपलं. छतावर सौर पट्ट्या बसल्या. दीडशे अँपिअर-तासांची बारा व्होल्टची एक बॅटरी म्हणजे अठराशे वॉट-तास. पण ही साध्या जातीची बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून हातात येतात नऊशे. दोन बॅटऱ्यांचे अठराशे. मेहुण्याला एक टनाचा एसी हवा होता. तो तासाला हजार वॉट-तास खाणार. म्हणजे दोन तासही नाही, आणि मग पहाटेपर्यंत अंधारात त्या दोन तासांची आठवण काढत पडायचं. मामींनी तांब्याचा तांब्या आणि विणलेला पंखा पाठवून दिला.

गॅसचं काम मात्र मिस्त्रीनं मनापासून केलं. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर वर जात नाही, जमिनीवर साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोकं हवीत. त्यानं भोकं पाडली. त्या भोकांतून आठ दिवसांनी उंदीर आले. आता जाळी आहे. उंदीरही आहेत, पण जाळीच्या आतल्या बाजूला.

आणि संडास. या विषयावर घरात पाच बैठका झाल्या. मेहुण्यानं परदेशी पद्धतीचा, खाली डबा असलेला, मागवला. डबा भरला की नेऊन ओतायचा. तिकडे अशा गाड्यांच्या तळांवर ओतायची सोय असते, नळ असतो, विजेचं बटणही असतं. आपल्याकडे पेट्रोलपंप असतो.

“चुलीपासून तीन फुटांवर?” मामी म्हणाल्या. “आनी ते डबं कोन न्हेणार?”

या प्रश्नावर घरातले सगळे पुरुष एकाच वेळी चिंचेकडे पाहू लागले. त्या खोलीत आता कांदे-लसूण ठेवतात. हवा खेळती आहे, मोड येत नाहीत.

बस घरी आणायची तारीख ठरली तेव्हा भटजींपुढे पेच उभा राहिला. ही वाहनपूजा की वास्तुशांत? वाहन म्हणावं तर चाकाखाली लिंबू. वास्तू म्हणावं तर आग्नेयेला चूल हवी, ईशान्येला देव. चूल आग्नेयेला आहे का, हे बस कुठे तोंड करून उभी आहे त्यावर. मेहुण्यानं सुचवलं, पूजेपुरती वळवून लावतो. भटजी म्हणाले, “आंबा घाटात काय कराल? प्रत्येक वळणाला तुमचा देव नैर्ऋत्येला जाणार.” अखेर दोन्ही विधी झाले, दक्षिणाही दोन्हींची गेली. आणि वास्तुपुरुषाची प्रतिमा कुठे पुरायची, जमीनच नाही, म्हणून ती सुट्या चाकाच्या मधे बांधली. आमचा वास्तुपुरुष हा बहुधा एकमेव असेल, ज्याला पंक्चर झाल्यावर बाहेर यावं लागेल.

उद्यमनगर ते आमची गल्ली, सहा किलोमीटर. घर म्हणून त्या बसचा तेवढाच प्रवास झालेला आहे, म्हणून तो नीट सांगायला हवा.

चालवायला मेहुण्यानं एक ट्रकवाला आणला होता. आम्ही सगळे घरात बसलो, म्हणजे बसमध्ये. वहिनींनी निघण्याआधी चहा टाकला, कारण चालत्या घरात चहा घ्यायचा ही त्यांची हौस. पहिल्या वळणावर ओट्याखालचे पाचही खण बाहेर आले. दुसऱ्या, उलट्या वळणावर आत गेले. तिसऱ्यावर पुन्हा बाहेर. कुणीतरी पेटीचा भाता मारावा तसं चाललं होतं. खणांना खटका लावायचा असतो. घरातल्या खणांना लागत नाही, म्हणून मिस्त्रीच्या डोक्यात आलं नव्हतं. चहा ओट्यावरून उतरून माझ्या मांडीवर आला.

मग टाकीनं तोंड उघडलं. टाकी अर्धी भरलेली होती. अर्ध्या भरलेल्या टाकीची अडचण अशी, की ब्रेक मारला तर गाडी थांबते, पाणी थांबत नाही. दीडशे किलो पाणी पुढे धावतं, पुढच्या भिंतीवर आपटतं, परत फिरतं. टँकरवाले म्हणून आत आडव्या पाट्या घालतात. आमच्या टाकीत पाट्या नव्हत्या. प्रत्येक गतिरोधकाला बस एकदा थांबायची आणि मग एकदा, विचार करून, पुन्हा थोडी पुढे जायची. ट्रकवाल्यानं मागे वळून विचारलं, “मागं म्हस हाय का?”

गतिरोधक मी मोजले. सतरा. नवव्याला दिवाळीचे डबे खाली आले आणि मी वहिनींकडे पाहिलं नाही. बाराव्याच्या जवळ शाळा होती. आमच्या पिवळ्या बसला पाहून तीन पोरं हात करत धावली, त्यांच्या मागे एक बाई, “थांबवा हो, थांबवा!” ट्रकवाला सवयीनं थांबला. दार उघडलं. पहिलं पोरगं पायरीवर चढलं, त्यानं आत पाहिलं. समोर ग्रॅनाइटचा ओटा, ओट्यामागे वहिनी, पलंगावर मामा, आणि मांडीवर चहा घेऊन मी. ते पोरगं काही न बोलता उलटं खाली उतरलं आणि आईला घट्ट धरून उभं राहिलं. शाळेत काय सांगितलं असेल त्यानं देव जाणे.

घरी पोचल्यावर मेहुणा म्हणाला, “आता रंग द्यायचा आणि कागद करून घ्यायचे. मग आंबोली.”

कागद माझ्याकडे आले. मी ते वाचले. हेच दोन महिने आधी केलं असतं तर हा लेख झाला नसता.

मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२. उत्पादकानं गाडी मुळात जशी ठरवून दिली, तिच्याशी नोंदणीतला तपशील जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलेलं. आमच्या नोंदणीत लिहिलेलं: शाळेची बस, आसनं चाळीस. प्रत्यक्षात आसनं दोन आणि कांदे. चाकांवरच्या घराला कायद्यात जागाच नाही असंही नाही. मोटार कॅरव्हॅन म्हणून त्याला वेगळं मानक आहे, एआयएस-१२४. पुण्यातल्या १९६६ पासूनच्या एआरएआयसारख्या संस्था गाड्या तपासून प्रमाणपत्र देतात. महाराष्ट्र सरकारनं तर २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. मात्र रीत अशी, की आधी आराखडा, मग मंजुरी, मग करवत. आम्ही करवतीनं श्रीगणेशा केला होता.

कॅरव्हॅन कशाला म्हणावं, याची या नियमांतली व्याख्या मला फार आवडली. बसायला जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय, सामान ठेवायची सोय. आणि हे सगळं घट्ट बसवलेलं. संपलं घर. मी ती घरात वाचून दाखवली. बायको म्हणाली, “आणि देवघर?” मामा म्हणाले, “पेपर कुठं वाचायचा?” भाची म्हणाली, “वायफाय?” चार गोष्टींत घर होतं हे आमच्या घरात कुणालाच पटलं नाही. बस डावीकडे का झुकली ते मला तेव्हा कळलं.

त्यात परवान्याची भानगड. साधा मोटारीचा परवाना एकूण साडेसात हजार किलो वजनापर्यंत चालतो. आमच्या बसची वजनमर्यादा कागदावर नऊ हजार सहाशे. म्हणजे त्याहून मोठ्या वाहनाचा परवाना हवा. तीस वर्षं मी घर चालवतोय, पेन्शनीत चालवतोय, कुणी कधी परवाना मागितला नव्हता. घरात अवजड चालवायचा अनुभव एकट्या मामांना. पण त्यांचा परवाना निवृत्तीनंतर कधीच संपला होता आणि तो पुन्हा काढायचा विषय निघाला की ते अंगणात जाऊन उभे राहायचे.

आरटीओत अर्ज घेऊन गेलो तेव्हा खिडकीपलीकडच्या साहेबांनी सगळे कागद शांतपणे वाचले, मोबाईलवरचे फोटोही एकेक करून पाहिले. “ओटा छान झालाय,” ते म्हणाले. “पण काका, ही आता बस राहिली नाही, आणि घर अजून झालेलं नाही.” मग कुठला कागद कुणाकडून आणायचा ते त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं. चिठ्ठी दोन्ही बाजूंनी भरली. ती चिठ्ठी मेहुण्याच्या दुकानात काचेखाली आहे. “पावसाळा झाला की पुण्याला जाऊन येतो,” असं तो म्हणतो. दोन पावसाळे झाले.

बस चिंचेखाली राहिली. रंगही तोच राहिला, कारण मंजुरीआधी रंग बदलायचा नाही अशी मी तंबी दिली होती. एवढी एक गोष्ट आम्ही नियमाप्रमाणे केली.

तिचा खरा उपयोग भाचीनं शोधून काढला. सहामाहीला गणितात कमी पडले, मेहुणा बोलला, आणि ती दप्तर उचलून “मी चालले घर सोडून” म्हणत निघाली ती चाळीस पावलांच्या आत बसमध्ये जाऊन आतून कडी लावून बसली. रात्री वहिनींनी खिडकीतून ताट दिलं. गणितात किती, ते मी विचारलं नाही. पण ती ज्या पलंगावर झोपली त्याच्याखाली काय ठेवलंय ते आठवलं आणि बरं वाटलं.

रामायणात कैकेयीला कोपभवन होतं. राजवाडा असला की रुसायला वेगळी खोली परवडते. मध्यमवर्गीय माणसाला ज्या खोलीत टीव्ही लागलाय त्याच खोलीत रुसावं लागतं, आणि मालिका रंगली की रुसवा टिकत नाही. आमची ही अडचण मिटली. भाचीपाठोपाठ वहिनी गेल्या. दोन दिवस राहिल्या आणि येताना ताज्यातवान्या होऊन आल्या. मग साखर वाढली म्हणून चहातली साखर बंद केल्यावर मामा गेले. माझी बायको तर माझ्याशी एक शब्दही न बोलता थेट तिकडे जाते. भांडणाचा मधला भागच तिनं काढून टाकलाय. तिथे ओटा आहे, पाणी आहे, उन्हावर चार्ज होणारा दिवा आहे. गल्लीतल्या दुसऱ्या घरातूनही विचारणा झाली, एका रात्रीसाठी. मेहुणा भाडं ठरवणार होता, पण मी त्याला कलम ५२ ची आठवण करून दिली. त्याचा इथे काही संबंध नाही, पण त्याला ते माहीत नाही.

मामी मात्र एकदाही गेल्या नाहीत. “मी न्हाई जात त्यात,” त्या म्हणतात. “मला हितंच बरं.”

परवाची गोष्ट. आमटीत मीठ कमी आहे, एवढंच मी म्हणालो. पुढचं सांगण्यात अर्थ नाही. उशी काखेत मारली आणि रात्री साडेदहाला बसकडे निघालो. दार ढकललं तर आत दिवा. पलंगावर मेहुणा, पोटावर हात ठेवून, छताकडे बघत. दुकानाच्या हिशेबावरून वहिनींशी वाजलेलं. टेबलापाशी भाची, कानात बोळे घालून. आणि पुढे, ड्रायव्हरच्या जागेवर, अठरा वर्षांनी, मामा. साखरेच्या गोळीवरून आले होते म्हणे. स्टिअरिंगवर हात नुसते टेकवून समोरच्या अंधारात बघत बसले होते. मी जागा शोधत होतो तेवढ्यात वहिनी आल्या. मेहुणा इथे आहे हे त्यांना माहीत नव्हतं. बघून परत फिरणार होत्या, पण मागून माझी बायको चढत होती. तिनं आत नजर फिरवली, माझ्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाली, “सरका. खिडकीची जागा माझी.”

मी सरकलो. बस डावीकडे आणखी एक बोटभर झुकली.

मामांनी वरचा आरसा नीट केला, त्यात बघून आम्हाला मोजलं आणि गिअरच्या दांड्यावर हात ठेवला. “सगळी आली?”

“आई राहिली,” मेहुणा म्हणाला.

सगळ्यांनी खिडकीतून समोर घराकडे पाहिलं. मामी दारात आल्या, बसकडे एकदा बघितलं, पायरीवरच्या चपला आत घेतल्या. मग दार लागलं, आतून कडी सरकल्याचा आवाज आला आणि घरातला दिवा मालवला गेला.